टाकी आधी, पैसे मागाहून



आज मला तुमच्याशी घरच्या चुलीविषयी आणि दिव्याविषयी चार गोष्टी बोलायच्या आहेत. विषय तसा रोजचाच. परंतु रोजच्या गोष्टीला किती पैसे पडतात, ते कोण देतो, आणि ज्याला जमत नाही त्याला सरकारकडून काय मदत मिळते, याचा हिशेब आपण सहसा मांडत नाही. मी गणित शिकवणारा मास्तर आहे. तेव्हा हिशेब मांडल्यावाचून मला राहवत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावी माझी शाळा आहे. पाचवीतली एक मुलगी अधूनमधून उशिरा यायची. हुशार मुलगी, पाढे तोंडपाठ. वही उघडली की धुराचा वास यायचा. एकदा विचारले तर म्हणाली, "गुरुजी, जळण आणायला गेले होते." मला जरा नवल वाटले, कारण तिच्या घरी गॅस असल्याचे मला ठाऊक होते. उज्ज्वला योजनेत जोडणी मिळाली तेव्हा त्यांचा फॉर्म मीच भरून दिला होता. संध्याकाळी तिच्या घरी गेलो.

माळवदाचे घर. एका कोपऱ्यात गॅसची टाकी होती. तिच्यावर लोकरीने विणलेली झालर घातलेली आणि वर पितळेची कळशी मांडलेली. मुलीच्या आईला गावात सगळे आक्का म्हणतात. मला पाहून तिने लगबगीने कळशी उतरवली, झालर काढली आणि माझ्यासाठी चहा गॅसवर ठेवला. भाकरी मात्र चुलीवरच भाजायची चालली होती. मी विचारले, "आक्का, गॅस आहे की घरात. मग पोरीला जळणाला का धाडता?"

"आहे की ओ गुरुजी. पण टाकी भरायला एकदम साडेआठशे-नऊशे लागत्यात. मजुरी मिळती आठवड्याला. आणि जळण मिळतंय फुकटात, रोजच्या रोज."

"अहो, पण सरकार पैसे परत देतं ना?"

"देत आसंल. पैसे मागनं येत्यात म्हणं. टाकी आधी घ्यावी लागती."

श्रोतेहो, या शेवटच्या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार करतो आहे. मदत देणाऱ्याचा आणि मदत घेणाऱ्याचा हिशेब एकच असतो, पण दोघांची तारीख निराळी असते. देणारा वर्षाचा हिशेब धरतो आणि घेणारा आठवड्याचा.

थोडे मागे जाऊ. आपल्या जिल्ह्यात जंगल नाही. आपले जळण म्हणजे तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, ज्वारीची धसकटे, शेणाच्या गोवऱ्या, आणि ओढ्याकाठची वेडी बाभूळ. कडबा जाळायची आपल्याकडे कोणाची छाती होत नाही, तो जनावरांच्या तोंडचा घास. ज्याला शेत आहे त्याला तुराट्या आहेत, ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला गोवऱ्या आहेत. ज्याला यातले काहीच नाही त्याने बांधाबांधाने हिंडायचे, आणि मालकाने हटकले तर मुकाट्याने भारा खाली टाकायचा. म्हणजे फुकटचे जळणही सगळ्यांना सारखे फुकट नसते. त्याची किंमत बाईच्या पायांनी आणि मुलीच्या शाळेने चुकती होते. शिवाय चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जो धूर जातो, त्याचा हिशेब डॉक्टरच सांगू शकतील. कडेवरच्या लेकराच्या छातीतही तोच धूर जातो.

या धुरावर तोडगे काढायचे प्रयत्न काही आजचे नाहीत. सुधारलेल्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू झाला आणि २००२ साली बंद पडला. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना ती धुराड्याची चूल आठवत असेल. बसवणारे बसवून गेले. नळकांडे काजळीने भरले की ते साफ कोणी करायचे, हे काही कोणाला सांगितलेले नव्हते. पहिल्या पावसाळ्यानंतर कितीतरी घरांनी ती फोडून जुनी तीन दगडांची चूल मांडली. याच काळात रेशनवर निळे रॉकेल मिळत असे. रॉकेलची एक मोठी सोय होती, आणि ती आपण विसरत चाललो आहोत. ते लिटरने मिळे. हातात दहा रुपये असले तर दहा रुपयांचे घ्यावे. पुढे शिधापत्रिकेवर गॅसचा शिक्का पडू लागला, आणि शिक्का पडला की रॉकेल कमी झाले किंवा तुटले. २०१६ पासून रॉकेलचा भाव थोडाथोडा वाढवत नेला आणि २०२० पर्यंत त्यावरचे अनुदान संपले. मी रॉकेलची बाजू घेत नाही. स्टोव्हच्या भडक्याने किती बायका भाजल्या, हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. परंतु थोडे थोडे घेण्याची सोय रॉकेलबरोबर गेली, एवढे मात्र खरे.

त्यानंतर आली उज्ज्वला. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया येथे तिचा आरंभ झाला. गरीब घरातल्या बाईच्या नावाने जोडणी आणि अनामत रक्कम माफ. पहिल्या वेळी शेगडी आणि पहिली टाकी पुष्कळांना कर्जाने मिळाली होती, आणि ते कर्ज त्यांच्याच अनुदानातून वळते होत असे. त्यामुळे कित्येक बायकांना सुरुवातीला अनुदान असे दिसलेच नाही. १० ऑगस्ट २०२१ पासून दुसरा टप्पा सुरू झाला, त्यात शेगडी आणि पहिली टाकीही फुकट दिली. आज देशात उज्ज्वलाच्या जोडण्या दहा कोटींहून अधिक आहेत. ही काही लहान गोष्ट नव्हे. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फुंकणी चालली, त्या घरात काडी ओढताच निळी ज्योत लागली. माझ्या आईने ती पाहिली असती तर तिने तिला हळदकुंकू वाहिले असते.

पण जोडणी देणे एक आणि ती जळती ठेवणे दुसरे. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०१९ साली या योजनेची तपासणी केली, तेव्हा असे दिसले की डिसेंबर २०१८ अखेरपर्यंत उज्ज्वलाचे घर वर्षाला सरासरी ३.२१ टाक्या घेत होते. आता पाच माणसांच्या घराला, तिन्ही वेळचे सगळे गॅसवर करायचे म्हटले तर, १४.२ किलोची एक टाकी दीड महिन्याच्या आसपास पुरते. म्हणजे वर्षाला आठेक टाक्या झाल्या. तीन टाक्या म्हणजे चहा, पाहुणे आणि पावसाळ्यात ओले जळण असले तर एखादा वरणभात. बाकी सगळे चुलीवर. पुढे हा आकडा वाढला. सरकारी हिशेबाप्रमाणे २०२४-२५ मध्ये तो साडेचारच्या जवळ आला. वाढला याचा आनंद आहे. तरी अर्धी चूल अजून पेटतेच आहे.

मदतीचे आकडेही तुमच्या कानावर घालतो, कारण पुष्कळांना ते नीट माहीत नसतात. २०२० च्या मे महिन्यापासून घरगुती गॅसवरचे अनुदान बहुतेक ठिकाणी शून्यावर आले होते. मे २०२२ मध्ये उज्ज्वलाच्या घरांना टाकीमागे २०० रुपये सुरू झाले, आणि ऑक्टोबर २०२३ पासून ते ३०० झाले. आधी हे वर्षाला १२ टाक्यांपर्यंत होते, २०२५-२६ साठी ही मर्यादा ९ टाक्यांची केली. आपल्या राज्याने ३० जुलै २०२४ रोजी मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेचा निर्णय काढला. वर्षाला ३ टाक्या मोफत. उज्ज्वलाच्या बाईला केंद्राचे ३०० रुपये मिळतातच, म्हणून राज्याने टाकीमागे ५३० रुपयांपर्यंत द्यायचे. आणि लाडकी बहीण योजनेत पात्र असलेल्या बाईच्या घराला ८३० रुपयांपर्यंत. अटी तीन ध्यानात ठेवा. जोडणी बाईच्या नावाने हवी. एका शिधापत्रिकेवर एकच लाभ. आणि टाकी १४.२ किलोचीच हवी. ही नावाची अट आली, तेव्हा नवऱ्याच्या नावावरची जोडणी आपल्या नावावर करून घ्यायला बायकांची धावपळ उडाली होती. मला ती धावपळ पाहून बरे वाटले. घरातल्या एका तरी कागदावर बाईचे नाव पहिले आले. हे नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून चालू वर्षाचा आकडा आणि अटी गॅस वितरकाकडे विचारून मगच टाकी मागवा.

आता आक्काच्या वाक्याकडे परत येऊ. 'मोफत' म्हणजे काय? टाकी आणणाऱ्या माणसाच्या हातात पूर्ण पैसे ठेवायचे, आणि मग काही दिवसांनी ते बँकेच्या खात्यात परत यायचे. ज्याच्या घरी नऊशे रुपये पडून आहेत त्याला ही टाकी मोफत आहे. ज्याच्या घरी नाहीत, त्याला ती नऊशेचीच आहे. तो सावकाराकडून किंवा दुकानदाराकडून उसने आणील, नाहीतर टाकी घेणारच नाही. म्हणजे मदत सगळ्यात आधी कोणापर्यंत पोचते? तर ज्याला तिची थोडी कमी गरज आहे त्याच्यापर्यंत. हे कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. खोट्या टाक्या, काळा बाजार, एकाच्या नावावर दुसऱ्याचा गॅस, हे प्रकार रोखण्यासाठी १५ नोव्हेंबर २०१४ पासून काही जिल्ह्यांत आणि १ जानेवारी २०१५ पासून देशभर अनुदान थेट खात्यात देण्याची पद्धत आली. चोरी थांबवण्याला ती उपयोगी पडली. पण चोर आणि गरीब या दोघांनाही ती सारखीच अडवते, ही तिची खोड आहे.

आणि दुसऱ्या रीतीने करता येत नाही असेही नाही. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, उज्ज्वलाच्या बायकांना तीन टाक्या मोफत दिल्या, तेव्हा पैसे आधी खात्यात टाकले होते. बाईने ते काढायचे आणि टाकी घ्यायची. त्या तीन महिन्यांत आमच्या गावच्या कितीतरी घरांची टाकी वेळेवर भरली गेली, हे मी स्वतः पाहिले आहे. संकटात जे जमले ते एरवीही जमावे, अशी माझी आपली साधी समजूत आहे. निदान वर्षातल्या पहिल्या टाकीचे पैसे आधी द्या. ती घेतली नाही तर पुढचे देऊ नका. चोरीही थांबेल आणि आक्काचीही अडचण सुटेल.

आक्काच्या पैशाचे पुढे काय झाले तेही सांगतो, कारण माझ्या शिक्षक बंधुभगिनींना त्याचा उपयोग होईल. ती ठामपणे म्हणत होती की आपल्याला एकही रुपया आला नाही. तिचे पासबुक पाहिले, खरोखरच नोंद नव्हती. मग कळले की तिची खाती दोन. एक रोजगार हमीच्या मजुरीसाठी उघडलेले, आणि दुसरे नंतर बचत गटाच्या कर्जासाठी. सरकारचे पैसे आधारावर येतात, आणि ज्या खात्याला आधार सगळ्यात शेवटी जोडलेला असतो तिकडे जातात. आक्काचे पैसे दुसऱ्या खात्यात जाऊन पडले होते. दोन टाक्यांचे अनुदान तिथे वर्षभर होते आणि ती इकडे उसनवारी करत होती. त्या बँकेत आम्हाला तीन हेलपाटे पडले. एकदा यंत्र बंद होते, एकदा साहेब रजेवर होते, एकदा आक्काच्या अंगठ्याचे ठसे उमटेनात. खुरपून खुरपून बोटे घासली गेली, ठसे कुठून उमटणार! तिसऱ्या खेपेला पैसे मिळाले. तेव्हा एखादी बाई 'अनुदान येत नाही' म्हणाली तर लगेच अर्ज करायला धावू नका. आधी विचारा, 'बाई, खाती किती?'

आता दिव्याचे पाहू. चुलीइतका वेळ मी त्याला देणार नाही, परंतु एक हिशेब मांडायलाच हवा.

दारिद्र्यरेषेखालच्या घरासाठी महाराष्ट्रात विजेचा निराळा, बराच स्वस्त दर आहे. अट अशी की महिन्याला सरासरी ३० युनिट, म्हणजे वर्षाला ३६० युनिटांच्या आत वापर हवा. ओलांडला की घर सर्वसाधारण दरात जाते. ३० युनिटांत काय होते? पाटीवर लिहून घ्या. ९ वॉटचे दोन एलईडी दिवे रोज ५ तास लावले तर महिन्याला २.७ युनिट. ७५ वॉटचा एक जुना पंखा रोज १२ तास चालवला तर २७ युनिट. बेरीज २९.७. झाले! दोन दिवे आणि एक पंखा. दूरदर्शन संच लावला की मर्यादा मोडली. थंडीत पंखा बंद असतो, त्यामुळे वर्षाच्या हिशेबात थोडी भरपाई होते हे खरे. पण आपले सोलापूर म्हणजे चैत्र-वैशाखात तवा. पारा ४३ च्या पुढे जातो, रात्री पत्र्याखाली माणूस भाजून निघतो. तिथे पंखा ही चैन नव्हे.

याच जागी एक गंमत पाहा. बाजारात बीएलडीसी नावाचा पंखा मिळतो, तो ३० वॉटच्या आसपास चालतो. तोच १२ तास लावला तर महिन्याला १०.८ युनिट लागतात. १६ युनिट वाचले! घर सवलतीच्या दरात राहिले, वर दूरदर्शनलाही जागा झाली. पण तो पंखा दोन-अडीच हजारांच्या पुढे, आणि जुना दुरुस्त केलेला पाचशेत मिळतो. गरीब माणूस पाचशेचा घेतो आणि जन्मभर विजेचे पैसे भरतो. पुन्हा आक्काचेच गणित. २०१५ नंतर एलईडी दिवे स्वस्तात वाटले, तेव्हा काही ठिकाणी बिलातून हप्त्याने पैसे फेडायची सोय होती. दिव्यांना जमले ते पंख्यांना का जमू नये, असा प्रश्न मी आमच्या तालुक्याच्या एका सभेत विचारला होता. टाळ्या पडल्या, उत्तर मिळाले नाही.

सर्वसाधारण घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर एक, आणि त्यापुढच्या युनिटांचा जवळजवळ दुप्पट. हे पायरीचे गणित पाचवीच्या मुलांना चांगले कळते, मोठ्यांनाच कळत नाही. सोलापूर शहरात पूर्व भागात विड्या वळणाऱ्या हजारो बायका आणि यंत्रमागावरचे कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. पुष्कळ वाड्यांत मीटर एकच, मालकाच्या नावाचा. चार बिऱ्हाडांचा वापर एका मीटरवर चढतो, १०० ची पायरी सहज ओलांडतो, आणि मालक सगळ्यांना वरच्या दराने पैसे लावतो. ज्या बाईच्या खोलीत एक दिवा आणि एक पंखा आहे ती बंगलेवाल्याच्या दराने वीज जाळते. सवलत मागायला गेली तर बिल तिच्या नावाचे नाही. छपरावर सौर पट्ट्या बसवायच्या म्हटल्या तर छप्पर तिचे नाही.

सरहद्दीपलीकडे काय आहे ते अक्कलकोट तालुक्यातल्या श्रोत्यांना ठाऊक आहे. त्यांच्या लेकी इंडीला, आळंदला, अफजलपूरला दिलेल्या असतात. कर्नाटकात जुलै २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. घराच्या आधीच्या वर्षाच्या सरासरीवर दहा टक्के धरून, २०० युनिटांपर्यंत बिल माफ. विशेष असे की भाडेकरूला कागदपत्रे दाखवून त्यात नाव नोंदवता येते. सगळ्यांना वीज माफ करणे राज्याच्या तिजोरीला कितपत झेपते, यावर शहाण्यांचे मतभेद आहेत, आणि मी त्या वादात पडत नाही. परंतु भाडेकरू हाही माणूसच आहे आणि त्यालाही बिल येते, एवढे त्या योजनेने मानले. ते आपणही मानायला हरकत नाही.

आपल्याकडे शेतीपंपाला मदत मोठी आहे. बळीराजा योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ पर्यंत वीजबिल माफ आहे, आणि राज्यात असे सुमारे ४४ लाख शेतकरी आहेत. शेतकऱ्याला मिळाले हे योग्यच. पण ज्याला विहीरच नाही, तो त्या पंपाच्या पाण्यावर मजुरी करतो आणि घरी येऊन दिव्याचे बिल भरतो. दक्षिण सोलापुरात फताटेवाडीला १३२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभे आहे. रात्री त्याचे दिवे आमच्या गावच्या शिवारातून दिसतात. दिव्याखाली अंधार ही म्हण आमच्या पोरांना फोडून सांगावी लागत नाही.

ज्यांचे स्वतःचे छप्पर आहे त्यांच्यासाठी मात्र एक चांगली वाट उघडली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने सूर्यघर योजना आणली. एक किलोवॉटच्या सौर पट्ट्यांना ३०,००० रुपये, दोनला ६०,०००, आणि तीन किंवा त्याहून अधिकला ७८,००० रुपये अनुदान. २०२५ साली राज्याने त्यात भर घातली. महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या घरांसाठी, आणि दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक किलोवॉटसाठी राज्याचे १७,५०० रुपये. पन्नास हजारांचा संच धरला तर घराला अडीच हजारांच्या आसपास भरावे लागतात. एक किलोवॉटवर महिन्याला शंभरेक युनिट वीज होते, आणि आपल्याकडे ऊन काय कमी आहे? जुन्या माळवदावर लोखंडी सांगाडा पेलेल की नाही ते मात्र जाणत्या गवंड्याला दाखवून घ्या. मातीचे छप्पर भोके पाडून घेत नाही.

भगिनींनो, सरकारची मदत येईल तेव्हा येईल, तोवर टाकी पुरवायच्या दोन-तीन गोष्टी सांगतो. या माझ्या नव्हेत, माझ्या पत्नीच्या आहेत. आंघोळीचे पाणी गॅसवर तापवू नका, टाकी सगळ्यात जास्त तिथे जाते. काळा रंग दिलेला डबा किंवा हंडा झाकून दुपारभर उन्हात ठेवला तर संध्याकाळी पाणी चांगले कोमट होते. तुरीची डाळ तासभर भिजवून मग शिजवा. भाताला कढ आला की पातेले उतरवून भुसा भरलेल्या पेटीत किंवा जुन्या गोधड्यांत गच्च गुंडाळून ठेवा, उरलेला भात आपल्या वाफेवर शिजतो. हे जुन्या पद्धतीचे आहे, त्याला हसू नका. आणि पाचट जाळून टाकणाऱ्या ऊस बागायतदारांनी हेही ऐकावे की पुण्याच्या आरती संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, पाचटापासून कोळसा करून दाखवला आणि त्यासाठी तिला २००२ साली इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. आपण मात्र अजून रात्री शिवार पेटवून देतो.

शेवटी आमच्या गावात काय झाले ते सांगतो. आक्काने आणि आणखी अकरा बायकांनी मिळून टाकीची भिशी सुरू केली. दर आठवड्याला प्रत्येकीने ७५ रुपये काढायचे. बारा जणींचे ९०० होतात, आणि त्या आठवड्यात जिची चिठ्ठी निघेल तिने टाकी भरायची. बारा आठवड्यांत प्रत्येकीची पाळी येते, म्हणजे वर्षाला चार टाक्या. अनुदान मागाहून आले की ते ज्याचे त्याच्याकडे राहते. हिशेब लिहायला आक्काची पोर आहे. दर सोमवारी मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलावर वही आणून दाखवते. पहिल्या फेरीत एक बाई मधेच सुटली, तेव्हा बाकीच्यांना थोडे जास्त भरावे लागले आणि दोन दिवस भांडण झाले. नंतर तिची नणंद आली.

परवा दुसरी फेरी सुरू झाली. आक्काची चिठ्ठी यंदा अकरावी निघाली. मी म्हटले, "आक्का, अकरा आठवडे कसं करणार?" तर म्हणाली, "तुराट्या हायत की गुरुजी, तोवर."